शेक संपल्यावरचा खोकला

स्तनाच्या कर्करोगासाठी छातीला किरणांचा शेक घेतलेल्या बाईला पुढच्या वर्षभरात कधीही कोरडा खोकला लागला, चढावर धाप लागू लागली किंवा संध्याकाळी अंग कोमट राहू लागलं, तर ती ज्या कुठल्या डॉक्टरकडे जाईल तिथे तिने खोकल्याच्या आधी शेकाचं सांगावं. कोणत्या बाजूला शेक दिला, किती दिवस दिला आणि कधी संपला. एवढंच आज सांगायचं आहे. ते इतकं लांबवून का सांगावं लागतं, ते पुढे वाचा.

नवलाख उंबरे, मिंडेवाडी, जाधववाडी, आंबी, मंगरूळ या भागातल्या बाईचा उपचार कसा होतो ते आपण पाहतोच. गाठ लागते, काही महिने ती कुणाला सांगत नाही, मग तळेगाव, तिथून पुणे किंवा थेट परळचं टाटा. ऑपरेशन, केमो आणि शेवटी शेक. पूर्वी पाच आठवड्यांत पंचवीस शेक देत, आता बहुतेक ठिकाणी तीन आठवड्यांत पंधरा देतात, काही जणींना एका आठवड्यात पाचच. तेवढे दिवस पाहुण्यांकडे काढायचे किंवा लोकलने ये-जा करायची. तळेगावातही आता शेकाची सोय झाली आहे, त्यामुळे काहींची तेवढी वणवण वाचते. शेवटचा शेक झाला की घरात सगळ्यांना सुटल्यासारखं होतं. फाइल कपाटाच्या वरच्या फळीवर जाते आणि बाई कामाला लागते. कुणी खाचरात, कुणी एमआयडीसीत कंत्राटावर, कुणी नुसती घरात, आणि घरातलं काम काही कमी नसतं.

खोकला येतो तो त्यानंतर दोन-तीन महिन्यांनी. तोवर शेकाचा आणि खोकल्याचा संबंध कुणाच्या डोक्यात राहिलेला नसतो. मावळातला पाऊस असतो, नाही तर भाताच्या झोडणीची धूळ असते, नाही तर थंडी सुरू झालेली असते. खोकल्याला कारण शोधावं लागत नाही, ते आयतंच समोर असतं. फाट्यावरचे डॉक्टर वीस पेशंट बसलेले असताना विचारतात, किती दिवस झाले? ताप आहे का? बाई उत्तर देते, औषधाची बाटली आणि अँटिबायोटिकच्या गोळ्या घेऊन घरी येते. शेकाचं ती सांगत नाही आणि डॉक्टर विचारत नाहीत.

ती का सांगत नाही, हे बायकांना सांगायची गरज नाही. पडद्याच्या अलीकडे गावातली चार माणसं बसलेली असतात आणि छातीचं नाव मोठ्याने काढायचं नसतं. मुलीचं लग्न ठरायचं असतं. शिवाय जे संपलं ते पुन्हा कशाला उगाळायचं, असंही वाटतं. आणि सगळ्यांत खोल भीती ही, की खोकला म्हणजे तो आजार छातीत उतरला. ही भीती इतकी मोठी असते की बाई प्रश्नच विचारत नाही. न विचारण्याने जे टळू शकलं असतं तेही टळत नाही, म्हणून हा लेख.

आता शेकाने फुप्फुसाचं काय होतं ते पाहू. स्तन फासळ्यांवर असतो आणि फासळ्यांच्या लगेच आत फुप्फुस. डॉक्टर किरणांची दिशा तिरकी धरतात, म्हणजे ते छातीला घासून जावेत आणि आत कमीत कमी शिरावेत. तरीही फुप्फुसाच्या पुढच्या कडेची एक पट्टी त्यात येतेच. बांधालगतच्या भाताला फवारा मारताना चार थेंब बांधावरच्या गवतावर पडतात, तसं हे आहे. काखेत गाठी होत्या म्हणून मानेच्या खाली, गळ्याच्या हाडापाशीही शेक दिला असेल, तर फुप्फुसाचं टोकसुद्धा किरणांत येतं. म्हणून ज्यांना काखेचा किंवा मानेखालचा शेक मिळाला आहे त्यांनी जास्त सावध राहायचं. कॅनडाच्या पुढाकाराने झालेल्या एका मोठ्या अभ्यासात अठराशेहून अधिक बायका होत्या. २०१५ साली त्याचे निकाल आले. फक्त स्तनाला शेक दिलेल्यांत फुप्फुसाची सूज शंभरात ०.२ जणींना आली आणि गाठींच्या जागांनाही शेक दिलेल्यांत १.२ जणींना. प्रमाण सहा पट झालं, पण तरीही ते शंभरात एखादीच. हे दोन्ही अर्थ एकदमच लक्षात ठेवायचे. घाबरायचं नाही आणि विसरायचंही नाही.

ही सूज जंतूंची नसते. किरणांनी दुखावलेल्या पेशींची ती उशिराने उठलेली प्रतिक्रिया असते. साधारण एक ते सहा महिन्यांत, बहुतेक वेळा दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात ती उठते. कोरडा खोकला, कधी बारीक ताप, जिना चढताना धाप, छातीत जडपणा. अमेरिकेतल्या डॉक्टरांनी १९२२ साली याची नोंद केली होती, म्हणजे ही काही नवी भानगड नाही. सुरुवातीला साधा एक्स-रे स्वच्छही दिसू शकतो, सीटीत मात्र ती सापडते. सीटीतली तिची एक खूण अशी की डागाची कड बहुतेक वेळा सरळ रेषेत असते. न्युमोनिया फुप्फुसाच्या नैसर्गिक भागांप्रमाणे पसरतो, पण किरणांना ते भाग ठाऊक नसतात. ते जिथून गेले तिथेच डाग उठतो. जाणत्या डॉक्टरला ही सरळ कड दिसली की अर्धं काम होतं, पण शेकाचं माहीत असेल तरच त्याची नजर तिकडे जाते.

पुष्कळ जणींची ही सूज आपोआप बसते, औषधसुद्धा लागत नाही. काहींना स्टेरॉइडच्या गोळ्या लागतात. त्याचं पुढे सांगतो.

याहून विरळ, पण जास्त फसवा असा आणखी एक प्रकार आहे. त्याची दखल फ्रान्समधल्या डॉक्टरांनी १९९० च्या दशकात नीट घेतली. शेक एका बाजूला दिलेला, आणि डाग उठतात किरण गेलेच नव्हते अशा जागी. कधी त्याच फुप्फुसाच्या खालच्या भागात, कधी चक्क दुसऱ्या बाजूच्या फुप्फुसात. काही आठवड्यांनी पाहावं तर पहिला डाग विरलेला आणि दुसरीकडे नवा आलेला. जणू डाग फुप्फुसात जागा बदलत फिरतात. बाईला फ्लू झाल्यासारखं वाटतं, ताप येतो, अंग गळून जातं, वजन उतरतं, आणि अँटिबायोटिकचे दोन कोर्स झाले तरी फरक पडत नाही. किरणांनी शरीराची प्रतिकारव्यवस्था एका जागी चेतवली आणि ती दुसऱ्या जागीही भडकली, असं समजतात. १९९८ साली त्या डॉक्टरांनी अशा पंधरा बायकांची माहिती एकत्र प्रसिद्ध केली. सगळ्यांना स्तनाच्या कर्करोगासाठी शेक मिळालेला होता. स्टेरॉइडने त्या झपाट्याने बऱ्या झाल्या, पण गोळ्या कमी करताना किंवा बंद केल्यावर बहुतेकींचा आजार उलटला. पुढे जपानमधल्या रुग्णालयांनी आपल्या नोंदी तपासल्या तेव्हा या प्रकाराचं प्रमाण शंभरात दोनच्या आसपास निघालं. म्हणजे विरळ खरं, पण शेक घेतलेल्या शंभर बायकांत एखादी-दुसरी असणारच. भारतात दर वर्षी दोन लाखांच्या जवळपास बायकांना स्तनाचा कर्करोग झाल्याचं निघतं. त्यातल्या फार मोठ्या संख्येला शेक मिळतो. विरळ आजारसुद्धा एवढ्या मोठ्या संख्येत कुणाच्या तरी घरी येतोच.

आता आपल्याकडचा खरा घोळ. फ्रान्स आणि जपानमधल्या डॉक्टरला फुप्फुसाच्या टोकावर डाग दिसला तर त्याला टीबी लगेच आठवत नाही. आपल्या डॉक्टरला आठवतो आणि तो आठवायलाच हवा, कारण आपल्याकडे टीबी खरंच खूप आहे. पण मानेखालच्या शेकाने डाग पडतो तोही फुप्फुसाच्या टोकालाच, आणि टीबीची आवडती जागाही तीच. ताप, खोकला, वजन कमी, ही लक्षणंही दोन्हींची सारखी. शेकाच्या सुजेत खोकला कोरडा असतो, बेडका पडत नाही. तपासायला नीट बेडकाच मिळाला नाही तर अहवाल निगेटिव्ह येतो, आणि मग एक्स-रेवरून टीबीच्या गोळ्या सुरू होतात. सहा महिने.

यात दोन नुकसानं आहेत. पहिलं सरळ आहे, खऱ्या आजाराला औषध मिळत नाही. दुसरं फार कमी लोकांना ठाऊक आहे. टीबीच्या गोळ्यांत रिफाम्पिसिन असतं. ते यकृताचा वेग असा वाढवतं की दुसरी काही औषधं शरीरातून भराभर निघून जातात. स्तनाच्या कर्करोगाच्या अनेक जणी पाच वर्षं किंवा त्याहून जास्त टॅमॉक्सिफेन घेत असतात, ते यातलंच एक. रिफाम्पिसिन बरोबर असेल तर रक्तातलं टॅमॉक्सिफेन फारच घटतं. बाई रोज गोळी इमानाने घेते, आणि ती जवळपास वाया जाते. टीबी खरोखर असेल तर त्याचे उपचार घेतलेच पाहिजेत, त्याला पर्याय नाही. पण तेव्हाही कर्करोगाच्या डॉक्टरांना कळवायला हवं, म्हणजे ते दुसऱ्या गोळीचा विचार करतील.

म्हणून टीबीच्या गोळ्या सुरू करण्याआधी एक मागणी करा. बेडक्याची तपासणी सीबीनॅट किंवा ट्रूनॅटवर करून द्या म्हणा. ट्रूनॅट हे यंत्र गोव्यातल्या कंपनीने बनवलेलं आहे आणि जागतिक आरोग्य संघटनेने त्याला २०२० साली मान्यता दिली. सरकारी टीबी कार्यक्रमात ही तपासणी फुकट होते. वडगाव, कान्हे किंवा तळेगावच्या सरकारी दवाखान्यात चौकशी केली की नमुना कुठे द्यायचा ते सांगतात. बेडका पडतच नसेल तर तेही स्पष्ट सांगा, थुंकी भरून देऊ नका. थुंकीत काही सापडत नाही आणि त्या निगेटिव्ह अहवालाचा उगाच पुरावा होतो.

उलटी चूकही होते आणि ती जास्त घातक आहे. एखाद्या ठिकाणी जाता, डॉक्टर म्हणवणारा माणूस सुई टोचतो आणि दोन दिवसांत खोकला थांबतो, अंगात जोर येतो. गावोगाव अशा सुया प्रसिद्ध आहेत. त्या पुष्कळदा स्टेरॉइडच्या असतात. शेकाची सूज असेल तर स्टेरॉइडने बरं वाटणारच, म्हणून त्या सुईवर विश्वास बसतो. पण आत टीबी असेल तर त्याच स्टेरॉइडने तो पेटतो, साखर असेल तर ती चढते, आणि सुईचा असर संपला की सूज दुप्पट येऊ शकते. शेकाच्या सुजेसाठी स्टेरॉइड हेच औषध आहे, हे खरं. पण ते टीबी आणि दुसरा जंतुसंसर्ग नाही हे पाहून, मोजून, आठवड्या-आठवड्याने कमी करत द्यायचं असतं. बरं वाटलं म्हणून मध्येच गोळ्या सोडायच्या नाहीत. उलटण्याचं प्रमाण किती आहे ते वर सांगितलंच. गोळ्या चालू असताना खोकला पुन्हा वाढला तर डोस आपल्या मनाने वाढवू नका, फोन करा.

कर्करोग छातीत उतरला, या भीतीविषयीही बोलायला हवं. फिरणारे ते डाग सीटीत आणि पेट स्कॅनमध्ये असे दिसतात की तज्ज्ञांनाही शंका येते. पेट स्कॅनमध्ये सूजही उजळते आणि गाठही उजळते. म्हणून केवळ स्कॅनवरून आजार पसरल्याचा निष्कर्ष निघाला आणि कुणी पुढच्या केमोचं बोललं, तर घाबरून मान डोलवू नका. विचारा, हे शेकामुळे असू शकतं का? तुकडा काढून तपासायची गरज आहे का? नळी घालून फुप्फुसाची तपासणी करता येईल का? हे विचारल्याने डॉक्टरांना राग येत नाही, चांगल्या डॉक्टरला तर हा प्रश्न आवडतो. कधी तुकड्याचा अहवाल सूज असल्याचं सांगतो आणि बाईच्या घरात पुन्हा चूल पेटते. कधी अहवाल खरोखर कर्करोगाचा असतो, आणि मग तो लवकर कळलेला बरा. दोन्ही बाजूंनी खोकला लपवण्यात काही मिळत नाही. फुप्फुसाच्या आवरणात पाणी झालं तरी हेच. ते पाणी शेकामुळेही होऊ शकतं, पण काढून तपासल्याशिवाय त्याला शेकाचं पाणी म्हणायचं नाही.

औषधांचाही हिशेब ठेवावा लागतो. शेकाच्या आसपास पॅक्लिटॅक्सेलसारखं औषध मिळालं असेल तर फुप्फुसाच्या सुजेचा धोका वाढतो. आणखी एक विचित्र गोष्ट आहे. शेक होऊन महिने लोटलेले असतात, सगळं शांत असतं, आणि काही कारणाने नवी केमो सुरू होते तेव्हा नेमक्या जुन्या शेकाच्या जागी सूज पुन्हा जागी होते. फुप्फुसात हे क्वचित घडतं, पण घडतं. अलीकडे आलेल्या पाल्बोसिक्लिब, रायबोसिक्लिब या गोळ्यांनीही क्वचित फुप्फुसाला सूज येते, आणि अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१९ साली तशी सूचना काढली आहे. नावं लक्षात ठेवण्याच्या भानगडीत पडू नका. गोळ्यांची पाकिटं पिशवीत टाका आणि डॉक्टरच्या टेबलावर ठेवा.

काही लक्षणांत मात्र वाट पाहायची नाही. बसल्या जागी अचानक धाप लागली, छातीत कळ आली, एका पायाची पोटरी सुजून दुखते आहे, खोकल्यातून रक्त पडलं किंवा ओठ निळसर दिसू लागले, तर १०८ ला फोन करा. टॅमॉक्सिफेनने रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका थोडा वाढतो आणि तशी गुठळी फुप्फुसात अडकू शकते. तिथे खोकल्याच्या औषधाचा काही उपयोग नाही आणि सकाळची लोकल पकडून पुण्याला जाण्याइतका वेळही नसतो. कोविडच्या वेळी घेतलेला बोटाला लावायचा ऑक्सिमीटर घरात कुठेतरी पडला असेल, तो शोधा आणि सेल बदला. नखाला मेंदी किंवा नेलपॉलिश असेल तर दुसरं बोट घ्या. बसल्या जागी आकडा ९४ च्या खाली येत असेल किंवा अंगणात चार फेऱ्या मारल्यावर एकदम घसरत असेल, तर त्याच दिवशी दाखवा. आशाताईकडेही तो सापडेल.

खूप उशिरा येणाऱ्या गोष्टीही आहेत, त्या थोडक्यात सांगतो. सूज बसल्यावर सहा महिने ते दोन वर्षांत त्या जागी व्रण घट्ट होतो. बहुतेकींना त्याचा त्रास होत नाही, पण एक्स-रेवर तो आयुष्यभर दिसतो. कंपनीत कामाला लागताना वैद्यकीय तपासणीत एक्स-रे काढला की डाग दिसतो आणि लोक टीबी टीबी करतात. अशा वेळी जुना एक्स-रे आणि शेकाचा कागद दाखवला की प्रश्न मिटतो. जुन्या फिल्म खिडकीला लावू नका, मुलांना ग्रहण बघायला देऊ नका. त्या सूर्याकडे बघायला सुरक्षित नसतातच, शिवाय तुमचा पुरावा जातो. क्वचित फासळी ठिसूळ होऊन शिंकेच्या किंवा खोकल्याच्या ठोक्यानेही तडकते, त्या जागी बोट ठेवलं तर दुखतं.

आणि तंबाखू. शेकानंतर कित्येक वर्षांनी फुप्फुसाचा नवाच कर्करोग होण्याचा धोका असतो. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०१७ साली जगभरातल्या चाचण्यांवरून त्याचं गणित मांडलं. आयुष्यभर धूम्रपान चालूच ठेवणाऱ्या बाईला शेकामुळे वाढणारा हा धोका शंभरात चारच्या घरात, आणि न ओढणाऱ्या बाईला हजारात तीन. मावळात विडी ओढणाऱ्या बायका कमी, पण घरात विडी-सिगारेट ओढणारे पुरुष आहेत आणि चुलीचा धूर आहे. मिश्री फुप्फुसात जात नाही, ती तोंड खाते, म्हणून तीही सोडाच. पण धूर बाईच्या छातीत जातो. शेक घेतलेल्या बायकोसमोर, आईसमोर विडी पेटवणाऱ्या माणसाला मी इथे नाव घेऊन सांगू शकत नाही, पण त्याने हे स्वतःलाच उद्देशून आहे असं समजावं. गॅसची टाकी असूनही भाकरी चुलीवरची गोड लागते म्हणून चूल चालूच आहे, अशा घरांनी निदान ज्या बाईने शेक घेतलाय तिला चुलीपुढून उठवावं.

हे सगळं वाचून कुणी शेकच नको म्हणणार असेल, तर थांबा. शेक टाळायचा सल्ला हा लेख देत नाही. स्तन वाचवून गाठ काढलेल्या दहा हजारांवर बायकांच्या चाचण्या एकत्र करून २०११ साली निकाल मांडला गेला. शेक न घेतलेल्यांत दहा वर्षांत शंभरातल्या ३५ जणींचा आजार उलटला, शेक घेतलेल्यांत १९ जणींचा. पंधरा वर्षांत त्या आजाराने होणारे मृत्यूही शंभरात २५ वरून २१ वर आले. हा फायदा आणि शंभरात एखादीला होणारी, बहुतेक वेळा बरी होणारी सूज, यांची तुलनाच होत नाही. डाव्या बाजूचा शेक असेल तर दीर्घ श्वास भरून, तो रोखून शेक घ्यायची पद्धत तुमच्या दवाखान्यात आहे का ते विचारा. त्यात हृदय किरणांपासून दूर जातं. शेक घेतलेल्या बाईच्या जवळ लहान मूल जाऊ देऊ नका असं सांगणाऱ्या शेजारणींकडे लक्ष देऊ नका. बाहेरून दिलेल्या शेकाची किरणं यंत्र बंद झालं की संपतात, अंगात काही उरत नाही. नात मांडीवर घ्या.

आता कागदाचं. शेवटच्या शेकाच्या दिवशी दवाखाना एक सारांश देतो. तो घेतल्याशिवाय घरी येऊ नका. त्यावर बाजू, कुठे कुठे शेक दिला, एकूण मात्रा, शेकांची संख्या आणि शेवटची तारीख असते. मात्रा ग्रे या मापात लिहिलेली असते, त्याचा अर्थ तुम्हाला कळला नाही तरी चालेल, डॉक्टरला कळतो. त्या एका पानाचा फोटो तुमच्या फोनमध्ये, नवऱ्याच्या फोनमध्ये आणि शिकलेल्या मुलाच्या किंवा मुलीच्या फोनमध्ये असू द्या. एक झेरॉक्स रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवा, ती पिशवी घरात कुणाला शोधावी लागत नाही. हा कागद मिळाला नसेल किंवा हरवला असेल तर दवाखान्याच्या नोंदी विभागात केस नंबर देऊन पुन्हा मागता येतो. केस पेपरवरचा तो नंबर निदान एकदा वहीत उतरून ठेवा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून शेक झाला असेल तर त्या कागदांतही उपचाराची नोंद असते, ते फेकू नका.

डॉक्टरकडे सगळ्यांसमोर बोलायची लाज वाटत असेल तर बोलूच नका. तो फोटो उघडा आणि फोन डॉक्टरच्या हातात द्या. किंवा चिठ्ठीवर लिहून न्या, 'डाव्या छातीला शेक, अमुक महिन्यात संपला.' एवढं पुरतं.

फाट्यावरच्या डॉक्टरांनाही एक विनंती. पन्नाशीच्या आसपासच्या बाईचा खोकला दोन आठवड्यांपुढे गेला तर टीबीचं विचारता, तसं एक वाक्य जोडा, 'छातीला कधी शेक घेतला आहे का?' उत्तर हो आलं आणि शेवटचा शेक वर्षाच्या आतला असेल, तर तिसरं अँटिबायोटिक लिहिण्याआधी शेक दिलेल्या दवाखान्याला फोन करा आणि सीटीसाठी तळेगावला किंवा पिंपरीच्या वायसीएमला पाठवा. तुम्ही रोज पाहता त्यात हे वर्षाकाठी एकदाही येणार नाही. आलं तर तुमच्या त्या एका प्रश्नाने बाईचे सहा महिने वाचतील.

आशाताईंना सांगायचं म्हणजे, तुमच्या वहीत गरोदर बाया, लहान मुलं, टीबीचे रुग्ण, साखर-बीपीचे लोक सगळे आहेत. गावात शेक घेऊन आलेल्या बाया दोन-चारच असतील. त्यांची नावं आणि शेक संपल्याची तारीख मागच्या पानावर लिहून ठेवा आणि दोन-तीन महिन्यांनी दारावरून जाताना विचारा, खोकला आहे का? ती बाई तुमच्याशी बोलेल, डॉक्टरशी बोलणार नाही.

आणि ताई, वहिनी, मावशी, हा लेख वाचून झाला की फळीवरची फाइल आजच खाली काढा. कागद आहे का बघा. नसेल तर उद्या सकाळी दवाखान्यात फोन करून मागा.